टोकाच्या गावाचे पाणी

पारनेर तालुक्यातून ज्याने चैत्र-वैशाखात एकदा तरी पायी प्रवास केला असेल, त्याला पाण्याचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. वर कान्हूरचे उघडे, वाऱ्याने झोडपलेले पठार आणि खाली निघोजला कुकडीचे पात्र, ज्यातील काळ्या पाषाणात पुराच्या पाण्याने दगडगोटे गरगरा फिरवून रांजणखळगे कोरून ठेवले आहेत. आणि त्याच बाजूने, येडगावच्या धरणातून निघालेला कुकडीचा डावा कालवा जुन्नरची सरहद्द ओलांडून पारनेरात शिरतो आणि पुढे श्रीगोंदे, कर्जत, करमाळा अशी लांबची मजल मारतो. या पाटावर ज्यांचे संसार उभे आहेत, त्यांच्या बोलण्यात ‘टेल’ हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे याची कोणाला आठवणही उरलेली नाही. टेल म्हणजे पाटाचे शेपूट, चारीचे शेवटचे टोक. आवर्तन सुटले की वरची शिवारे आधी भिजतात आणि चारीतून पोटचारीत, पोटचारीतून सरीत असे करीत पाणी टेलला सर्वांच्या शेवटी पोहोचते. वाटेत कोठे भराव फुटला, तर वरच्या गावाला विहिरीचा आधार असतो, टेलच्या शेतकऱ्याला दुसरी वाट नसते. शिवाय पाट फुटला तरी टेलचे पीक त्याच दिवशी वाळत नाही. ते काही दिवस हिरवेच दिसते, आणि त्या फसव्या हिरवेपणातच त्याचे मरण सुरू झालेले असते.

मानवी देहातही असे एक टेलचे गाव आहे. ते म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, ज्याच्या आधारावर आपण उभे राहतो, चालतो, नांगर धरतो आणि देवीचा डोंगर चढतो. या गोळ्याला रक्त कोठून मिळते, ते कोणत्या वाटेने येते आणि ती वाट तुटली असता काय ओढवते, हा या प्रकरणाचा विषय आहे. विषय शारीरशास्त्राचा असला, तरी त्याचा संबंध प्रत्येक घरातील म्हाताऱ्या माणसाशी आणि लंगडत शाळेतून आलेल्या प्रत्येक लेकराशी आहे, म्हणून तो वैद्यांपुरता राखून ठेवता येत नाही.

खुब्याचा सांधा हा उखळी सांधा आहे. कमरेच्या हाडात एक खोल वाटी असते आणि तीत मांडीच्या हाडाचा साडेचार-पाच सेंटीमीटर व्यासाचा गोळा बसलेला असतो. हा गोळा मांडीच्या सरळ दांड्यावर नीट उभा बसवलेला नसून, सुमारे 125 ते 130 अंशांचा कोन करून आत झुकलेल्या एका मानेवर तो तोललेला असतो. पाय चोहोबाजूंना फिरावा आणि तरीही देहाचा भार पेलला जावा, या दोन परस्परविरोधी गरजा निसर्गाने या तिरप्या मानेच्या योगाने साधल्या आहेत. कारण साध्या चालण्यातही प्रत्येक पावलागणिक या गोळ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. परंतु या सोयीची किंमतही त्याच मानेला द्यावी लागली. संपूर्ण गोळा आणि मानेचा बहुतेक भाग सांध्याच्या चिवट पिशवीच्या आत कोंडलेला आहे. गोळ्याच्या पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चा आहे, आणि तीतून रक्तवाहिनीला आत शिरण्याची मुभा नाही. इतर हाडांना सभोवतालच्या स्नायूंतून शेकडो ठिकाणी जी रसद मिळते, ती या गोळ्याला मिळू शकत नाही. त्याच्याकडे येणारे रक्त जवळजवळ सगळे मानेच्या पृष्ठभागावरून, खालून वर चढत आले पाहिजे. देहाच्या इतक्या राबत्या भागाची सगळी तरतूद एका अरुंद वाटेवर अवलंबून आहे.

ही वाट आपण उगमापासून चालत जाऊ. जुन्या शालेय पुस्तकांत ज्यांना रोहिणी म्हणत आणि आज आपण ज्यांना धमन्या म्हणतो, त्यांतील मांडीची मुख्य धमनी जांघेच्या मध्यावरून खाली उतरते. तेथे बोट टेकवले असता तिची उडी स्पष्ट लागते. सुश्रुताने याच परिसरात लोहिताक्ष नावाचे मर्म सांगितले आहे आणि तेथील जखमेने रक्तक्षय होऊन मृत्यू किंवा पक्षाघात ओढवतो असे बजावले आहे. जांघेच्या तीन-चार सेंटीमीटर खाली या धमनीतून मांडीची खोल धमनी फुटते, आणि तिच्या आरंभीच दोन शाखा निघून मांडीच्या हाडाला दोहो बाजूंनी वळसा घालतात. एक बाहेरून जाते, दुसरी आतून. दोन्ही मिळून मानेच्या पायथ्याशी, पिशवीच्या बाहेर, एक कडे तयार करतात. कमरेकडून येणाऱ्या नितंबाच्या धमन्याही त्या कड्याला थोडा हातभार लावतात.

या दोघींत आतून जाणारी शाखा, जिला वैद्यकात मीडियल सर्कमफ्लेक्स फेमोरल आर्टरी म्हणतात, तीच गोळ्याची खरी अन्नदात्री होय. स्नायूंच्या फटींतून ती मांडीच्या मागील बाजूस येते, तेथील एका आखूड स्नायूच्या दोरीसारख्या टोकामागून वर चढते आणि अखेर पिशवीच्या वरच्या-मागच्या भागातून आत शिरते. आत शिरल्यावर तिच्या दोन-चार बारीक फांद्या मानेला चिकटून, सांध्याच्या अस्तराच्या एका पातळ घडीखालून धावत गोळ्याच्या काठापर्यंत जातात आणि हाडाला पडलेल्या छिद्रांतून आत उतरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी ही घडी पाहिलेला शल्यवैद्य तिला जन्मभर विसरत नाही; ओल्या, चकचकीत अस्तराखाली सुतासारख्या त्या लाल रेषा, आणि त्यांच्यावर उभा असलेला एका माणसाचा चालण्याचा हक्क.

यांखेरीज गोळ्याला दोन आणखी चाऱ्या आहेत, परंतु त्यांवर फार भरवसा ठेवता येत नाही. वाटीच्या तळाशी गोळ्याला बांधणारा एक गोल बंध असतो आणि त्यातून एक लहानशी धमनी येते. पण प्रौढपणी ती बहुधा बंधाच्या मुळाजवळच्या थोड्याशा भागापुरतीच पुरते. तिसरी चारी म्हणजे हाडाच्या आतून, मज्जेतून वर येणाऱ्या वाहिन्या; आणि मान मोडली की त्या त्याच क्षणी तुटतात. यास्तव गोळ्याचे भवितव्य शेवटी त्या अस्तराखालच्या लाल सुतांवरच येऊन ठेपते.

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. 1743 मध्ये, पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा अंमल चालू असता, लंडनला विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने सांध्याच्या काठाभोवती रक्तवाहिन्यांचे कडे असते हे लिहून ठेवले. पुढे 1822 मध्ये, येथे पेशवाई बुडून चार वर्षे झाली असता, लंडनच्याच अॅस्टली कूपर या शल्यवैद्याने सांध्यांच्या भंगांवरील आपल्या ग्रंथात एक मोलाचा भेद मांडला: मांडीच्या हाडाचा वरचा भाग पिशवीच्या आत मोडला तर तो सांधत नाही, पिशवीच्या बाहेर मोडला तर सांधतो, आणि याचे कारण त्याने गोळ्याला तुटलेल्या रक्तपुरवठ्यात शोधले. त्यावेळी क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून 73 वर्षांचा अवकाश होता. त्याच्याजवळ होती ती केवळ रुग्णशय्येपासून शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत एकाच रोगाचा माग काढण्याची चिकाटी. त्यानंतर 1953 मध्ये, यादवी युद्धामुळे स्पेन सोडून ऑक्सफर्डला स्थायिक झालेले कातालान शल्यवैद्य जोसेप त्रुएता यांनी हॅरिसन यांच्यासह प्रौढांच्या गोळ्यातील वाहिन्यांचा तपशीलवार नकाशा तयार केला, आणि त्यानंतरच्या शल्यवैद्यांना कोणती वाट जपायची हे डोळ्यांनी पाहता आले.

आता या शास्त्राचा संसाराशी संबंध कोठे येतो ते पाहू. खेड्यातल्या कोणत्याही घरातील एक पहाट डोळ्यांपुढे आणावी. सत्तरी उलटलेली आजी न्हाणीत जाण्यास उठते, शेवाळलेल्या फरशीवर तिचा पाय सरतो आणि ती कुशीवर पडते. आवाज फार होत नाही, रक्त सांडत नाही, कातडीवर ओरखडाही नसतो. सून धावत येते, तिला उचलून बाजेवर ठेवते, आणि तेव्हा दिसते की आजीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला आहे आणि पाऊल बाहेरच्या अंगाला लोळत पडले आहे. अंगठा छताकडे न पाहता भिंतीकडे पाहतो. आजी म्हणते, “मला काही नाही झालं, जरा मुका मार लागलाय, थोडं तेल चोळ.” या वाक्यावर विश्वास ठेवून जी घरे दोन दिवस थांबतात, त्यांना ती किंमत वर्षानुवर्षे फेडावी लागते. आखूड झालेला आणि बाहेर वळलेला पाय म्हणजे खुबा मोडला असल्याचा जवळजवळ लेखी पुरावा होय. आणि जे भंग एकमेकांत रुतून बसतात, त्यांत तर पाय सरळही दिसतो, रुग्ण दोन पावले चालतोही, आणि केवळ जांघेतील दुखणे हीच काय ती निशाणी उरते.

म्हातारपणी, विशेषतः स्त्रियांची पाळी बंद झाल्यावर, हाडे ठिसूळ होतात, म्हणून एवढ्याशा पडण्यानेही हा भंग घडतो. भंग पिशवीबाहेर, मांडीच्या दोन उंचवट्यांच्या मधून गेला असेल, तर रक्त पुष्कळ सांडते, पाय फार वळतो, परंतु तेथील स्पंजासारख्या हाडाला चहूकडून रक्त मिळत असल्याने ते सांधते. शस्त्रक्रिया तेथेही लागते, पण ती हाड योग्य जागी सांधावे आणि रुग्ण लवकर उठून बसावा म्हणून. भंग मानेतून, पिशवीच्या आत गेला असेल, तर प्रश्न निराळाच होतो. मोडलेली टोके सरकली की अस्तराखालच्या वाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात किंवा तुटतात. पिशवीत साठलेले रक्त उरलेल्या वाहिन्यांवर दाब आणते. आणि इतर हाडांवर असते तसे नवे हाड घडवणारे जाड आवरण मानेवर नसल्यामुळे जोडणीला बाहेरून मदत मिळत नाही. सरकलेल्या अशा भंगात पाच-सहांपैकी एका, तर काही प्रकारांत तिघांपैकी एका रुग्णाचा गोळा पुढे मरतो. न सरकलेल्या भंगात हा धोका पुष्कळच कमी असतो. म्हणून मान मोडलेल्या माणसाचा पाय ओढणे, वळवणे, चोळणे हे औषध नव्हे. उरल्यासुरल्या वाहिन्यांनाही ते इजा करू शकते.

सुश्रुताने मांडीच्या भंगासाठी कपाटशयन सांगितले आहे: फळीवर निजवून, खुंट्यांनी अंग स्थिर करून हाडाला विश्रांती देण्याची ती विद्या मोठी विचारपूर्वक रचलेली होती, आणि आपल्याकडच्या हाडवैद्यांनी पट्टी-बांबूच्या रूपाने तिचा काही अंश सांभाळला. मांडीच्या दांड्याला किंवा हाताच्या हाडाला तिचा उपयोग होतो, कारण तेथे रक्त आहे. मानेच्या भंगात मात्र नुसती स्थिरता पुरत नाही, कारण तेथे रक्ताचीच वाट बंद झालेली असते. हा भेद ज्याला कळला, त्याला हाडवैद्याचा अवमान न करताही आजीला इस्पितळात नेण्याचे कारण पटते.

इस्पितळात वैद्य वय आणि वाहिन्या यांचा मेळ घालतो. तरुण माणसाचा, उदाहरणार्थ मोटरसायकलवरून पडलेल्या मुलाचा, स्वतःचा गोळा वाचवण्याची पराकाष्ठा करावी लागते. भंग तातडीने नीट जागेवर आणून स्क्रूंनी पक्का केला, तर पिळलेल्या वाहिन्या मोकळ्या होण्याची संधी मिळते. म्हाताऱ्या माणसाचा सरकलेला भंग असेल, तर मरू घातलेल्या गोळ्यावर महिने घालवण्याऐवजी त्या जागी धातूचा गोळा बसवतात, कारण अंथरुणात खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, मूत्रसंसर्ग, पाठीला पडणाऱ्या शय्याव्रणांच्या जखमा आणि पायातील रक्ताच्या गुठळ्या ही संकटे मोडलेल्या हाडाहून लवकर गाठतात. खुबा निखळला असेल, म्हणजे गोळाच वाटीबाहेर गेला असेल, तर घड्याळ आणखी निष्ठुर असते: तो शक्यतो सहा तासांच्या आत परत बसवला पाहिजे, कारण ताणलेल्या वाहिन्या जितका काळ ताणलेल्या राहतात, तितकी गोळा मरण्याची शक्यता वाढते. पारनेरहून नगरचा रस्ता सुमारे 40 किलोमीटरांचा आहे, आणि 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका चालते. तेव्हा सहा तासांची मुदत अशक्य नाही, परंतु ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांत ती सहज बुडते.

गोळा मरणे याचा अर्थ तरी काय? रक्त थांबल्यावर मज्जेतील पेशी काही तासांत आणि हाडाच्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात. पण हाडाचा सांगाडा तसाच उभा राहतो. क्ष-किरणांच्या चित्रात पहिले कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. टेलचे ते फसवे हिरवे पीक ते हेच. पुढे देह मेलेले हाड काढून टाकून त्या जागी नवे घालू पाहतो, आणि या बदलाच्या काळात, महिने किंवा वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर, पोखरलेला गोळा भाराखाली एके दिवशी दबतो. त्यानंतर सांधा घासू लागतो आणि प्रत्येक पाऊल दुखते. एमआरआय तपासणीत हा मृत भाग गोळा दबण्यापूर्वीच दिसू शकतो, म्हणून या परीक्षेला एवढे महत्त्व आले आहे.

आणि पाट केवळ फुटूनच कोरडा पडतो असे नाही, गाळानेही पडतो. कोणतीही इजा न होता गोळा मरण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्यांत दोन आपल्या अंगणातली आहेत. एक, दीर्घकाळ अतिरेकी मद्यपान. राळेगणसिद्धीने पंचाहत्तरनंतरच्या काळात आधी दारूच्या भट्ट्या बंद केल्या आणि मग नाले अडवून पाणी जिरवले. गावाच्या संसारासाठी केलेल्या त्या कामात माणसांच्या खुब्यांचेही रक्षण घडले, हे वैद्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसरे कारण स्टेरॉइड. ही औषधे अनेक रोगांत प्राण वाचवतात आणि वैद्याच्या सल्ल्याने घेतलीच पाहिजेत. पण कोणाच्या तरी सांगण्यावरून सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या बिननावाच्या पुड्यांत तीच औषधे असू शकतात, आणि त्यांचा हिशेब खुब्याला चुकता करावा लागतो. 2021 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोविडमधून उठलेल्या आणि उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांत गोळ्याचा असा मृत्यू आढळल्याचे प्रसिद्ध केले. रोग लवकर ओळखल्यामुळे त्यांना औषधोपचारानेच आराम देता आला. याशिवाय विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात जो सिकलसेलचा आजार आहे, त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तरुण वयातच खुबा निकामी करतात.

लहान मुलांत याच कथेचे निराळे रूप दिसते. वाढत्या हाडात गोळा आणि मान यांच्या मध्ये वाढीची कूर्चा असते आणि ती आतून येणाऱ्या वाहिन्यांना गोळ्यात जाऊ देत नाही. चार ते सात वर्षांच्या सुमारास गोळा जवळजवळ सर्वस्वी त्या अस्तराखालच्या वाहिन्यांवरच जगतो. याच वयात काही मुलांचा रक्तपुरवठा, नेमके कारण न कळता, खंडित होतो. 1910 मध्ये बोस्टनच्या लेग, फ्रान्सच्या काल्वे आणि जर्मनीच्या पर्थेस यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले, म्हणून तिघांच्या नावांनी तो ओळखला जातो. आपल्या देशात पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपीच्या बाजूस, तो अधिक आढळतो आणि मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी त्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. सुदैव असे की मुलांत रक्त पुन्हा परत येते आणि गोळा पुन्हा घडतो. वैद्याचे काम एवढेच की तो घडत असता मऊ झालेला गोळा वाटीच्या साच्यात नीट बसून राहावा. मात्र त्यासाठी रोग वेळेवर ओळखला पाहिजे, आणि येथेच एक फसगत होते. खुब्याची आणि गुडघ्याची संवेदना काही अंशी त्याच मज्जातंतूंनी वाहिली जात असल्याने, मूल लंगडते आणि गुडघ्यावर हात ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणते. गुडघ्याचे चित्र काढले जाते, ते निर्दोष निघते, आणि खेळताना लागले असेल म्हणून सोडून दिले जाते. इकडे महिने वाया जातात.

या कारणाने या प्रकरणातील सर्व शास्त्र मी एका सवयीत बसवू इच्छितो. पाटाला पाणी सुटल्यावर जाणता पाटकरी धरणाच्या दाराशी उभा राहून ‘पाणी चालू आहे’ असे लिहून देत नाही. तो खांद्यावर फावडे टाकून चारीने चालू लागतो आणि टेलच्या शेवटच्या वाफ्यात पाय बुडवून पाहतो. तेथे ओल लागली, तरच आवर्तन पोहोचले. लंगडणारे मूल गुडघा दाखवो, पडलेली आजी ‘मुका मार’ म्हणो, स्टेरॉइड घेतलेला तरुण जांघेतला ठणका थकव्यावर ढकलो. आपण खुब्यापर्यंत चालत जावे, मांडी आत-बाहेर फिरवताना दुखते काय ते वैद्याकडून त्याच दिवशी पाहून घ्यावे, आणि गरज पडली तर चित्र खुब्याचे काढावयास सांगावे. टोकाच्या वाफ्यातली ओल मातीत हात घातल्याशिवाय कळत नाही, आणि तो हात पीक हिरवे आहे तोवरच घालावयाचा असतो.